चाकावरच्या खोलीचे टायर

नंदुरबार
दि. १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप फुलवंताआक्कास,
धाकट्या हिंमतचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फोनच करणार होतो, पण दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या आवाजानं तुझे कान गेल्यापासून मी एक बोलतो आणि तू दुसरंच ऐकतेस, म्हणून पत्र. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी काय करणार असं सगळे विचारायचे. त्याचं उत्तर आता अंगणात उभं आहे. सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडून मी कॅरॅव्हॅन घेतली. म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायची खोली. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं आहे. दीपमालेनं तर पडदे बदलूनही टाकले.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत आपल्या भाऊबंदांच्या जागेवर ती उभी करून चार दिवस राहायचा बेत आहे. करणसिंगकाका नव्वदीला आले, तेही येणार आहेत. अडचण फक्त टायरची. गाडी तीन वर्षं उन्हात उभी होती, पण टायरवरची नक्षी अगदी कोरी आहे. इथला दुकानदार म्हणतो, हेच चालतील, नाही तर मोटारीचे दोन नवे बसवून देतो, मऊ चालतात. तुझा सगळा जन्म या धंद्यात गेला, तेव्हा दोन ओळींत मत कळव. त्याहून जास्त त्रास तुला द्यायचा नाही.

कळावे. माया आहे तशीच ठेव.
तुझा हिंमत

•

अक्कलकुवा
दि. १७ ऑक्टोबर

चि. हिंमत यास आक्काचे आशीर्वाद. दीपमालेस थोडे जास्त, कारण तिला तुझ्याबरोबर राहायचं आहे.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं तू थट्टा करतोयस. पाच खोल्यांचं घर असताना माणूस अंगणात सहावी खोली आणतो, तिला चाकं लावतो आणि मग चाकांना टायर लागतात हे त्याला कळतं. बत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांत चुका काढल्यास ना रे तू?

टायर कोरे आहेत म्हणे. आपले बाबा सारंगखेड्याला घोडा घ्यायला गेले की आधी काय करायचे? जबडा उघडून दात बघायचे. व्यापारी घोड्याला तेल चोळतो, शेपटी विंचरतो, पण दातावरचं वय त्याला लपवता येत नाही. टायरचंही तसंच असतं. त्याच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षं उलटली की नक्षी कितीही कोरी दिसो, आतलं रबर कडक होतं. मोटारीचा टायर पळून झिजतो, असल्या ओढगाडीचा उभा राहून मरतो. ऊन आणि एकाच जागी पडलेलं वजन त्याला आतून खातं, आणि मग तो भर रस्त्यात फाटतो.

आकडे वाचून कळव असं मी म्हणत नाही, तू चुकीचे उतरवशील. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचास, तसं टायरवर कागद ठेवून घास आणि तो कागद पाठव. एवढं तुला जमायचं. इंग्रजी आकडे मी चौथीपर्यंत शाळा शिकून टायरवरूनच शिकले, तेव्हा मला वाचता येतील.

भाऊबीज जवळ आली. यंदाही कुरियरवाल्याच्या हातून साडी येणार असेल तर त्याला सांग, दुपारी ये, सकाळी गिऱ्हाईक असतं.

मनातली जागा होती तिथेच आहे, तिला चाकं नाहीत.
आक्का

•

नंदुरबार
दि. २६ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आक्कास,
हिंमतचा शि. सा. न. वि. वि.

सोबत पेन्सिलीचा कागद आहे. घासताना गुडघे दुखले आणि शेजारचे डॉक्टर कुंपणावरून बघत होते. आकडे २३१६ दिसतात. म्हणजे तुझ्या हिशेबानं सोळा सालचे, नऊ वर्षांचे. तू म्हणालीस ते खरं निघालं.

तेव्हा टायर बदलायचेच. मी असा विचार केला की तुला दुकान सोडून धावपळ नको आणि आम्हालाही आडवाट नको. तू चांगले दोन टायर निवडून शहाद्याला माझ्या ओळखीच्या गॅरेजवर पाठवून दे. तिथला माणूस बसवेल. शहादा सगळ्यांनाच सोयीचं आहे.

साडी पोचली असेल. रंग दीपमालेनं निवडला होता.

कळावे. रागावू नकोस, रागावलीस तर माया धरून रागाव.
तुझा हिंमत

•

अक्कलकुवा
दि. ३१ ऑक्टोबर

चि. हिंमत यास आशीर्वाद.

साडी पोचली. कुरियरवाला दारात उभा राहून सहीला मोबाइल पुढं करत होता, मला वाटलं त्यालाच ओवाळावं. बावीस वर्षं भाऊबीजेला तोच येतो.

शहादा सोयीचं आहे, हे मला फार आवडलं. नंदुरबारहून माझं दुकान तास-सव्वा तासावर. पण हायवेच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. सुरतेला जाणारा आपल्यातला कुणी तिथं तुझी मोटार बघेल आणि विचारेल की पंक्चर काढणारी ही बाई हिंमतरावांची कोण. माझा टायर चालतो, मी चालत नाही. हे मला कळत नाही असं समजलास?

तू विसरला असशील, म्हणून लिहिते. तुझे दाजी नवल गेले त्या साली मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. म्हसावदला माहेरच्या मागच्या खोलीत येऊन पडून राहा असं तुम्ही सगळे म्हणत होता, मी ऐकलं नाही. मग त्याच वर्षी यात्रेला आले. आपल्या जागेवर पंगत बसलेली, तुझे बँकेचे मोठे साहेब पाहुणे. मी हात तीनदा घासून आले होते, तरी नखात काळं होतंच. तू जवळ येऊन हळूच म्हणालास, आक्का, हात पदरखाले ले. मी घेतले. आणि हात पदराखाली ठेवून माणूस जेवणार कसा, म्हणून न जेवता उठले. त्यानंतर सारंगखेड्याला गेले नाही. मला अजून राग आहे, हिंमत. वय झालं की राग विझतो म्हणतात, माझा नाही विझला.

आता टायर. त्या दुकानदाराला सांग, मऊ गादी घाल आणि झोप तीवर. मोटारीचा टायर माणसांसाठी असतो, दोन चाकांवर अख्खी खोली तोलायला नाही. छोट्या टेम्पोचा जाड कडेचा टायर लागेल. पण किती वजनाचा, हे खोली तोलल्याशिवाय मी सांगणार नाही. पाण्याची टाकी भर, दीपमालेची भांडी, गाद्या, शेगडी, जे काय नेणार ते सगळं आत घाल आणि वजनकाट्यावर तोल. जुन्या टायरवर मात्र हाकू नकोस. सपाट ट्रकवर चढवून ने. तुझं घर ट्रकवर बसलेलं बघून लोक हसतील. हसू दे त्यांना.

आणि टायर मी बसवीन तर माझ्या दुकानात, दिवसाउजेडी, तू समोर उभा असताना. नको असेल तर शहाद्याला गॅरेजं पुष्कळ आहेत.
आक्का

•

नंदुरबार
दि. ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आक्कास,
हिंमतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून चार दिवस उत्तर लिहायला बसत होतो आणि उठत होतो. मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर दर भाऊबीजेला स्वतः आलो असतो. तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटायची, आणि लाजेला मी कामाचं नाव देत राहिलो. दीपमालेला ही गोष्ट मी परवा पहिल्यांदा सांगितली. त्या रात्री तिनं माझं ताट वाढलं नाही.

खोली तोलली. चौदाशे ऐंशी किलो भरली. काट्यावरचा माणूस म्हणाला, आत काय हत्ती आहे का. त्यात दीपमालेचा पाटा-वरवंटाही आहे, तो ती काढायला तयार नाही.

तीन डिसेंबरला सकाळी ट्रकवर खोली घेऊन आम्ही दोघं तुझ्या दुकानात येतो. शहाद्याचं मी लिहायलाच नको होतं.

कळावे. आशीर्वाद दिलास तर मोठे उपकार होतील.
तुझा हिंमत

•

अक्कलकुवा
दि. १५ नोव्हेंबर

चि. हिंमत यास आशीर्वाद.

चौदाशे ऐंशी. म्हणजे एका टायरवर सातशेच्या वर. तुझ्या दुकानदाराचा मऊ टायर पावणेपाचशेचा असतो. तळोद्याच्या अलीकडेच तुमचा पाटा-वरवंटा रस्त्यावर दिसला असता. मी आठशे किलोचे दोन मागवलेत, एकाच कंपनीचे, एकाच महिन्यात जन्मलेले, आणि जास्तीचा तिसराही तसाच. हवा भरायची नळी नवी घालीन. तू येताना तसलं चमकवायचं काळं पॉलिश आणू नकोस. रबराला त्यानं काही होत नाही, फक्त धनी खूश होतो.

आता नीट वाच. नवा टायर बसवला की पहिल्या सत्तर-ऐंशी किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळावे लागतात. चाक जागेवर बसतं आणि नट ढिले होतात. निम्मे लोक हे करत नाहीत आणि मग चाक त्यांच्या पुढं पळतं. माझ्या दुकानापासून सारंगखेडा बरोबर तेवढंच आहे. म्हणजे आवळायचं काम यात्रेत, तुमच्या त्या जागेवरच निघणार. ते तुला जमणार नाही. तू पान्यावर जोर लावशील, कमरेत भरेल आणि काका तुला शेकतील.

म्हणून मी येते. चार तारखेला सकाळच्या एसटीनं. मोटार पाठवू नकोस. पिशवीत पाना असेल आणि मी तो सगळ्यांसमोर काढीन. हात काळे होतील. ते मी कुठल्या पदराखाली घेणार नाही. हे चालत नसेल तर आत्ताच कळव, तिकीट वाचेल.
आक्का

•

नंदुरबार
दि. १० डिसेंबर

तीर्थस्वरूप आक्कास,
हिंमतचा शि. सा. न. वि. वि.

परवा घरी पोचलो. टायरला काही झालं नाही. वाटेत दोनदा थांबून हात लावून बघितले, कोमट होते. तू म्हटल्याप्रमाणे गरम म्हणून हवा काढली नाही, सकाळी थंड असतानाच मोजली.

यात्रेत त्या दिवशी काय झालं ते तुला कळायला हवं. तू पंगतीच्या आधी जमिनीवर बसून नट आवळत होतीस आणि मी नटांवरच्या झाकण्या काढून देत होतो, तेव्हा काकांनी मला विचारलं होतं, हाई बाई कोन शे. त्यांना दिसत नाही आता. मी मोठ्यानं सांगितलं, मन्ही मोठी बहीन शे, फुलवंता. तुला ते ऐकू गेलं नाही हे नंतर माझ्या लक्षात आलं. मग काका म्हणाले, नवलनी घरवाली ना, तिले पंगतमा मन्हा जोडे बसाड. त्यांनी तुला शेजारी का बसवलं, ते हे. आणि मी तुझ्या दुसऱ्या बाजूला तसाच काळ्या हातांनी बसलो, ते मुद्दाम. तुझ्या ते लक्षात आलं की नाही कळेना, म्हणून लिहितो.

तू गेल्यावर दीपमाला म्हणाली, डाव्या चाकाचे दोन नट खरंच ढिले निघाले होते. मला वाटत होतं, यात्रेला यायला तू ते निमित्त काढलंस.

कळावे. पुढच्या भाऊबीजेला कुरियरवाला येणार नाही, मी येईन. माया असू दे.
तुझा हिंमत

•

अक्कलकुवा
दि. १५ डिसेंबर

चि. हिंमत यास व दीपमालेस आशीर्वाद.

निमित्त म्हणे. नट ढिले होतात म्हणून लिहिलं ते खरंच ढिले होतात म्हणून. तुझ्यासाठी मी टायरचं काही खोटं सांगेन असं तुला वाटलं, यावरून तुला अजून टायरही कळले नाहीत आणि बहीणही.

काळ्या हातांनी जेवायला बसलास तो पराक्रम मी पाहिला होता. दाळ-बट्टीला ग्रीसचा वास येत होता. तू माझ्या शेजारी बसावंस म्हणून मी बावीस वर्षं थांबले, घाणेरड्या हातांनी जेवावंस म्हणून नाही. लाकडाचा भुसा आणि साबण चोळून हात धुवायचे असतात, एवढं मी तिथंच सांगितलं असतं, पण तुझं तोंड इतकं गंभीर होतं की मला हसू येत होतं. काका काय म्हणाले ते तू कळवलंस, बरं वाटलं. ती ओळ मी पुन्हा वाचली.

आता खोली पुढच्या प्रवासापर्यंत अंगणात कुजवू नकोस. चाकांखाली फळी घाल, जॅकवर उचलून वजन काढ, टायरवर पोतं टाकून ऊन अडव, महिन्याला हवा बघ. जमलं नाही तर कळव. मी येऊन चार गोष्टी सुनावून जाईन.

माझा लोभ तुला कडवट लागतो, पण तो शिळा नाही.
आक्का

ता. क. नखातलं काळं साबणानं जात नाही. आठ-दहा दिवस राहतं. तोवर बँकेच्या जुन्या साहेबांकडे चहाला गेलास तर हात कुठं लपवशील ते बघ. तुला तर पदरही नाही.