शेजारणीचा पत्र्याचा डबा

आई,

तुझे गुडघे कसे आहेत? अण्णांच्या दम्याला तिकडची हवा मानवली का? मावशीचं पित्त? आम्ही इकडे लंडनला, हॅरोत बरे आहोत. हिची शुगर मापात आहे, माझे कान तेवढे गेलेत.

शेजारची इटालियन बाई आठवते ना, व्हेनिसच्या बाजूची? मक्याच्या पिठाची पिवळी बिस्किटं करायची, मनुका घातलेली. झालेती म्हणते ती त्यांना. पहिल्यांदा पत्र्याचा डबा भरून घेऊन आली, तेव्हा तो तिरका चौकोनी आकार बघून तू म्हणालीस, "अगं बाई, ही तर हिची शंकरपाळी." आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून लगेच कढई चढवलीस. तुला इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी. कुंपणावरून डबाच काय ते बोलायचा.

तू गेलीस तेव्हाही ती तो भरून घेऊन आली. बिस्किटं आम्ही खाल्ली, डबा राहिला. रिकामा द्यायचा नाही एवढं मला ठाऊक, पण मी जन्मभर ताटावर बसलेला, पोळपाटाशी कधी नाही. हिला विचारलं तर म्हणाली, "आई तुमची, डबा तुम्हीच भरा." आज भरू, उद्या भरू करता करता वर्षं गेली. पुढे पुढे तर लाजेने मी ती दिसली की रस्ता ओलांडायचो.

परवा तीच दारात उभी, काठी टेकत. बिस्किटं कागदी पिशवीत. म्हणते कशी, "डबा तुझ्याकडे आहे, म्हणून पिशवीतून आणली." मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ. काल ईलिंगला जाऊन दुकानातली शंकरपाळी आणली, डब्यात ओतली आणि नेऊन दिली. तिला आता नीट दिसत नाही. एक तोंडात टाकलं, सावकाश चावलं आणि म्हणाली, "तुझ्या आईचा हात उतरलाय तुझ्यात." मी हो म्हणून मान हलवली. हलवली गं. तर म्हणाली, रविवारी नात येतेय, तिला शिकव.

म्हातारीचं सोड. निघताना घरी मीही एक खाऊन पाहिलं होतं. मलाही ते तुझ्याच हातचं वाटलं. त्याची लाज जास्त आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? टेबलावरच पडलंय, मैद्याच्या पिशवीखाली. मोहन किती घालायचीस, आणि तूप की तेल, एवढं कळव. रविवारच्या आत लिही.