थंड केलेला समुद्र

दि. १८ एप्रिल
सोमवार, दुपारी

चि. सूनबाईस,

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. चिरंजीव वेळेवर जेवतात, वेळेवर कामाला जातात आणि ओला टॉवेल अजून पलंगावरच टाकतात. तिकडे होस्टेलची खोली कशी आहे, पंखा नीट चालतो का, हे तू फोनवर सांगितलंस, तरी पत्रात विचारायचं असतं म्हणून विचारतो.

फोन असताना पत्र का, असं तुला वाटेल. तुझ्या दातांच्या लॅबमधली ती उंच मैत्रीण उद्या तिकडे येते आहे, तिच्या हाती हे देतो आहे. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "फोनवर तुम्ही 'हो, बरं, ठीक' करून सुटाल. लिहून काढा." काय लिहून काढायचं ते पुढे येईलच. चौतीस वर्षं मी फ्रिज दुरुस्त केले. माझा हात पान्यावर बसतो, पेनावर नाही, तेव्हा सांभाळून घे.

आधी टँकची खबर. मुकादम मजेत आहे. त्या नारिंगी माशाला तू नाव अगदी बरोबर ठेवलंस. स्वतः काडीचं काम करत नाही, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसभर देखरेख चालू. तू भिंतीला लावलेल्या कागदाप्रमाणे मी सगळं करतो. "कमी झालेलं पाणी साधंच भरायचं, खारं नाही. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं." हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथेच उभा राहिलो. पाण्याची वाफ आणि वाफेचं पाणी करण्यात माझा जन्म गेला, पण हे मला सुचलं नसतं. रोज खारं पाणी ओतून मी मुकादमाचं लोणचं घातलं असतं.

खरं म्हणजे तुझ्या या उद्योगाचं कौतुक मी कधी तुझ्या तोंडावर केलं नाही. आमच्या पिढीची रीत अशी, की सुनेचं कौतुक शेजाऱ्यांपाशी करायचं आणि सुनेपाशी भाजीत मीठ कमी आहे म्हणायचं. आज उलटं करतो.

तू जेवताना पहिल्यांदा विषय काढलास, "बाबा, मला खाऱ्या पाण्याचा टँक करायचाय, पण स्वस्तात." मी म्हणालो, "स्वस्तात समुद्र हवा तर किनाऱ्यावर जाऊन बस." सगळे हसले, तूही हसलीस, आणि चार दिवसांनी कुणीतरी टाकून दिलेला गळका टँक टेम्पोतून घेऊन आलीस. कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडलंस, साच्यातलं मेण काढावं तसं, जराही घाई न करता. नवीन भरलंस आणि त्यावरून एकदाच बोट फिरवलंस. मग गॅलरीत खाली वर्तमानपत्र पसरून तीन दिवस टँक भरून ठेवलास. मी रोज सकाळी तू उठायच्या आत त्या कागदाला हात लावून बघायचो. तो ओला निघावा अशी माझी इच्छा होती, हे आज कबूल करतो. कागद तिन्ही दिवस कोरडाठाक होता.

मग ते दगड. दुकानात समुद्रातला दगड वजनावर विकतात, आणि भाव ऐकून गिऱ्हाईकाचाच दगड होतो. तू सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा आणि जाडं मीठ कालवून घरीच दगड पाडलेस. मीठ पाण्यात विरघळलं आणि दगडाला आरपार भोकं पडली. सिमेंटचा तिखटपणा जाईपर्यंत दोन महिने तू त्यांचं पाणी बदलत राहिलीस. कामावरून आलीस की आधी बादली, मग चहा. दात घडवणाऱ्या बाईला दगड घडवणं काय अवघड, असं मी तेव्हा म्हणालो होतो. अवघड होतं. मी बघत होतो.

त्यानंतर टँक भरलास आणि त्यात मासा काही सोडला नाहीस. पाच आठवडे नुसतं पाणी. वर कोळंबीचा एक तुकडा मुद्दाम सडायला टाकलास. येणाऱ्याजाणाऱ्याला मी सांगायचो, "आमच्या सूनबाईंनी पाणी पाळलंय." तू न चिडता समजावलंस, की डोळ्यांना न दिसणारे जीव आधी दगडात वस्तीला यायला हवेत, ते घाण खातात, तेव्हा कुठे मासा जगतो. रोज संध्याकाळी काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायचीस, वहीत लिहायचीस आणि उठायचीस. मी दहा मिनिटांत गार झालं नाही की कंप्रेसरवर चापट मारणारा माणूस. काहीही न करता थांबणं हेही काम असतं, हे मला साठी उलटल्यावर तुझ्याकडे बघून कळलं.

मग मुकादम आला, सात गोगलगाई आल्या, आणि ती लाल पाठीची कोळंबी, जी मुकादमाच्या तोंडात शिरून साफसफाई करायची. तिला तू 'डॉक्टर' म्हणायचीस. "बाबा, माझ्या कामात चुका न काढणारी ही पहिली डेंटिस्ट," असं तू म्हणालीस तेव्हा मला ठसका लागला होता. माशांच्या दुकानातल्या दाढीवाल्याने कोरलचा तुटका तुकडा फेकायला काढला होता, तो तू मागून आणलास आणि दगडावर चिकटवलास. कवळीत एकेक दात बसवणारे हात तुझे. महिन्याभरात त्या तुकड्याला बोटं फुटली आणि ती पाण्यात हलायला लागली. मी खुर्ची टँकसमोर सरकवली ती तेव्हापासून. टीव्हीसाठी उजेड नीट पडत नाही, असं कारण सांगितलं होतं.

इथवर लिहून मी चहा घेतला आणि उगीचच पंखा पुसला. तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "आलं का ते?" मी म्हणालो, "येतंय." त्या म्हणाल्या, "पंखा स्वच्छ होता."

मार्चमध्ये उकाडा वाढला. टँकचं पाणी एकतीस अंशांवर गेलं आणि कोरल मिटायला लागलं. पाणी गार करायचं मशीन आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तू बाटल्यांत बर्फ करून तरंगत ठेवायचीस, टेबलफॅन लावायचीस, दुपारी जेवायच्या सुट्टीत बाटली बदलायला घरी धावत यायचीस. मला वाटलं, या घरात एवढं एकच काम आहे जे माझ्याशिवाय कुणाला येत नाही. जुन्या छोट्या फ्रिजचा कंप्रेसर गॅलरीत बसवला. टँकखालच्या कपाटातल्या टबात, जिथून पाणी गाळून वर जातं, तिथे नळीचं वेटोळं सोडलं. तू कामावर होतीस. वर झाकण ठोकलं आणि तुला म्हणालो, "उघडायचं नाही, कारागिराचं गुपित आहे." तू एकच विचारलंस, "बाबा, पाण्यात लोखंड नाही ना?" मी म्हणालो, "लोखंड लावायला मी काय नवशिका आहे?"

संध्याकाळपर्यंत पाणी सव्वीसवर आलं. तू तुझ्या साऱ्या लॅबला फोन करून सांगितलंस. वहीत लिहिलंस, "बाबांनी समुद्र थंड केला." ती वही आत्ता माझ्यापुढे उघडी आहे.

नवव्या दिवशी गोगलगाई काचेवरून गळून पडल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आडवी दिसली. कोरल मिटलं ते उघडेना. तू खारेपणा मोजलास, नळीत थेंब टाकलेस, सगळं जिथल्या तिथे. मग तू स्वतःची झडती घेतलीस. लॅबमध्ये त्याच महिन्यात कवळ्यांसाठी नवीन रसायन आलं होतं. तू म्हणालीस, "माझ्याच हाताला लागून आलं असणार." साबण लावून कोपरापर्यंत घासायचीस, मग हातमोजे घातलेस, मग टँकमध्ये हात घालणंच सोडलंस. मुकादमाला दाणे घालायला सासूबाईंना सांगायला लागलीस. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही आता," असं तू ओट्यापाशी म्हणालीस. मी खुर्चीत होतो. मला वाईट वाटलं, पण काही कळलं नव्हतं, हे शपथेवर सांगतो.

कळलं ते तू तिकडे शिकायला निघायच्या दोन दिवस आधी. तुझं मन रमावं म्हणून मी दाढीवाल्याकडे नवीन डॉक्टर आणायला गेलो. गेलो तो गप्प बसेन तर ना. माझ्या कारागिरीची फुशारकी सुरू केली. अखंड तांब्याची नळी, पाण्यात एक सांधा नाही. दाढीवाल्याने हातातली जाळी खाली ठेवली.

"तांबं? काका, पाण्यात?"

"मग काय, लोखंड घालू?"

"अहो, माशाला रोग झाला तर आम्ही तांब्याचं औषध घालतो. पण त्याआधी कोळंबी, गोगलगाई, कोरल सगळं बाहेर काढतो. एक थेंबसुद्धा सोसत नाही त्यांना."

चौतीस वर्षं तांब्याने माझं घर चालवलं. तांबं गंजत नाही, वाकवावं तसं वाकतं, दगा देत नाही. ते कुणाचा जीव घेईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि कुणाला विचारावं हेही आलं नाही. विचारायला घरातच माणूस होतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

तर सूनबाई, ते मी केलं. तुझ्या हाताला काही लागलेलं नव्हतं.

याहून वाईट पुढे आहे. मी घरी आलो आणि नळी उपसून काढली. ती जागोजाग हिरवी झाली होती. तू आलीस तेव्हा सांगितलं, "कंप्रेसर बिघडला, काढून टाकला." तू म्हणालीस, "बाबा, किती करता तुम्ही माझ्यासाठी." आणि त्यावर मी जेवलो, दोनदा भात घेतला. दोन दिवस होते माझ्याकडे. तुला गाडीत बसवताना बॅग वर ठेवली, आता सांगू म्हणून तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी पीत जा."

मूग गिळून का बसलो, तेही सांगतो. मला भीती वाटली. पहिल्या दिवसापासून चेष्टा करणारा मी, पाणी पाळलंय म्हणणारा मी. तुला वाटलं असतं, बाबांना हे नकोच होतं, मनासारखं झालं. तू तसं बोलली नसतीस. पण तुझ्या मनात ते येऊन गेलं असतं तरी मला सोसलं नसतं. म्हणून मी तुला तुझ्या हातांना दोष देऊ दिला. हिशेब माझा असा होता की तू तीन आठवडे शिकायला चालली आहेस, विसरशील.

काल तू चिरंजीवांना फोनवर सांगितलंस, की चिनीमातीच्या दातांची परीक्षा देत नाही, ब्रश धरला की हात थरथरतो, मधूनच परत येते, आणि दाढीवाल्याला टँक घेऊन जायला सांगा. फोन स्पीकरवर होता. मी तिथेच होतो. जेवायला बसल्यावर मी दोघांना सगळं सांगितलं. तुझ्या सासूबाईंनी माझ्यापुढचं ताट सरळ केलं फक्त. चिरंजीव आवाज न चढवता म्हणाले, "बाबा, ती रोज रात्री हाताला क्रीम लावायची. घासून घासून सालं निघाली होती." मला हे माहीत नव्हतं. टॉवेलवरून मी त्याला इतकी वर्षं बोलतोय, पण काल तो माझ्यापेक्षा मोठा माणूस दिसला.

आज सकाळी दाढीवाला येऊन गेला. टँक न्यायला नाही, मी बघायला बोलावलं होतं. मुकादमाला काही होणार नाही म्हणाला. पाणी बदलत राहायचं, तांबं शोषायला गाळणीत कोळसा घालायचा, ते सुरू केलं आहे. कोरल त्याने आपल्या दुकानात नेलं. वाचेल का विचारलं तर सांगता येत नाही म्हणाला. पण तुझे दगड तांबं प्यायलेत, त्यांत आता कोळंबी कधीच जगायची नाही, ते टाकावे लागणार. तुझी दोन महिन्यांची मेहनत होती ती. माझ्यामुळे गेली. यावर मला काही गोड लिहिता येत नाही.

टँक ठेवायचा की द्यायचा हे तू ठरव. द्यायचा म्हणालीस तर मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवीन. फक्त कारण खरं असू दे. हात वाईट म्हणून देऊ नकोस, सासरा खोटं बोलला म्हणून दे.

आणि गुरुवारची परीक्षा. हे पत्र तुला उद्या संध्याकाळी मिळेल, बुधवार हाताशी आहे. त्या हातांनी गळका टँक बंद केला, सिमेंटला भोकं पाडली, कचऱ्यातला तुकडा जगवला. एका दाताचं काय घेऊन बसलीस? तुझ्या तिथल्या सरांना सांग, हात थरथरत होता त्याचं कारण सापडलं, ते घरी खुर्चीत बसलंय.

'मला माफ कर' असं एका कागदावर लिहिलं होतं, तो फाडला. माफी मागितली की तू लगेच "असू द्या बाबा" म्हणणार, मी ओळखतो तुला. तसं म्हणू नकोस. आधी परीक्षा दे, मग घरी ये, माझ्यासमोर बस आणि मनात येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही. जितके दिवस लागतील तितके दिवस रागाव.

तुझ्या हातांत काही खोट नाही, हे सगळ्यांत आधी कळूनही सगळ्यांत शेवटी सांगणारा,

तुझा
बाबा