घरात न आणायचं फूल

३ मे. सकाळी.
नीदियाचं लग्न ठरलं. एकतीस मे, आपल्याच ला सेहातल्या चर्चमध्ये. मुलगा फेर्नेई, गुरांचा डॉक्टर. माझी काही हरकत नाही. हसतमुख आहे. गुरांच्या डॉक्टरला एवढं हसू कशाचं येतं, ते मात्र पाहायला हवं.
फुलं मी निवडणार. शेजाऱ्याच्या बांधावरच्या चार फांद्यांपासून सुरुवात केली, आज माझ्या ओर्तेन्सियाचे चेंडूएवढे निळे गुच्छ विमानाने जातात. फुलांतलं मला नाही कळणार तर कुणाला?

५ मे.
नीदिया म्हणते, "पपा, मला लग्नात ओर्तेन्सियाच हव्यात." माझ्या बायकोच्या, रुबिएलाच्या हातातला आरेपा, गरम मक्याची भाकरी, जमिनीवर पडला.
आमच्याकडे म्हणतात, ओर्तेन्सिया घरात आली की घरातली मुलगी बिनलग्नाची राहते. सत्तावीस वर्षांत रुबिएलाने एक पाकळी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. शेतावरून थेट ट्रकमध्ये. मी असलं काही मानत नाही. फक्त तिच्या समाधानासाठी दारात बूट झटकून आत येतो.
तोडगा काढला : फुलं अर्थ पाहून निवडायची.

८ मे.
मेदेयीनच्या बसस्टँडवर फुलांच्या अर्थांची पुस्तिका मिळाली. उघडल्या उघडल्या ओर्तेन्सिया पाहिली. अर्थ : बढाई, थंड मन. लिहिणाऱ्याने चांगलं फूल पाहिलेलं दिसत नाही. बाकी पुस्तिका भरवशाची वाटते.

११ मे.
फेर्नेईच्या आईने कुंडी पाठवली. तुळशीच्या जातीचं सुवासिक रोप, आल्बाका. पुस्तिकेत अर्थ : द्वेष. बाईशी अजून चार वाक्यं बोललो नाही आणि ही सुरुवात.
रुबिएलाने पानं खुडून सूपमध्ये टाकली. मी निषेध म्हणून दोनच वाट्या घेतल्या.

१४ मे.
फेर्नेई येऊन गेला. अंगाला लॅव्हेंडरचा वास. अर्थ : अविश्वास. कुणाचा कुणावर? सहज विचारल्यासारखं करून विचारलं, साबण कुठला वापरतोस. म्हणाला, "सासरेबुवा, गोठ्यातून येतो मी. हाताला लागेल तो."
उत्तर फार तयार होतं.

१८ मे. दुपारी.
माझे कान चांगले आहेत. बाजारात तीन दुकानं पलीकडचा भाव मला ऐकू यायचा. आज खिडकीखाली फक्त बुटाची नाडी बांधत होतो, तेवढ्यात आतून फेर्नेईचा आवाज : "लग्न होईपर्यंत म्हाताऱ्याला कळता कामा नये." नीदिया म्हणाली, "पपा जेवण सोडतील." मग रुबिएलाने मिक्सर लावला. तीसुद्धा सामील असेल का?
नाडी पाच वेळा बांधली. पुढे काही ऐकू आलं नाही.
ठराव : आजपासून नजर ठेवायची. पोरीच्या भल्यासाठी.

२४ मे.
यादी पक्की. पांढरी शेवंती : सत्य. ग्लॅडिओलस : करारी स्वभाव. आयव्हीचा वेल : एकनिष्ठा. फेर्नेईला चर्चमध्ये शिरताच तिन्ही गोष्टी समोर दिसल्या पाहिजेत.
गावातल्या फूलवाल्या आंपारोबाईंनी यादी वाचली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"
म्हटलं, बाई, या फुलांना अर्थ आहेत. म्हणाल्या, "आहेत ना. म्हणून तर विचारलं."

२५ मे.
रुबिएलाने फोन करून यादी रद्द केली. चर्चमध्ये साधे कार्नेशन. मी तिच्या इच्छेला मान दिला.

२९ मे.
विचारपूर्वक निर्णय घेतला. मुलगा खरा असेल तर एका फुलाने काय होतं? खोटा असेल तर आत्ताच कळलेलं बरं. ही अंधश्रद्धा नव्हे, परीक्षा आहे.
रुबिएला आणि नीदिया ड्रेस आणायला गेल्या होत्या. मळ्यातले उत्तम तीन गुच्छ कापले, बादलीत घातले, बादली नीदियाच्या पलंगाखाली सरकवली. ओर्तेन्सियाला वास नसतो. हा तिचा मोठा गुण, पुस्तिकेत कुठेच नाही.
उंबरा ओलांडताना पाय थोडा अडखळला. नवे बूट.

३० मे.
सकाळी फोन : फेर्नेईची गाडी सुरू होत नाहीये. मी आणखी एक आरेपा घेतला.
दहा वाजता तो मोटरसायकलवर हजर.
अकराला नीदियाला बादली सापडली. मला वाटलं, संपलं. ती धावत आली आणि गळ्यात पडून रडायला लागली. "पपा, तुम्ही आयुष्यभर त्या फुलाला घाबरलात. माझ्यासाठी स्वतः घरात आणलंत?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
रुबिएला दारात उभी होती. तिला माणसाचा अर्थ लावायला पुस्तिका लागत नाही. एवढंच म्हणाली, "एवेलिओ, बादली गोठ्यातली आहे. धुऊन ठेवा."

३१ मे.
लग्न झालं. नीदियाच्या हातात माझे तीन निळे गुच्छ. आंपारोबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.
जेवताना फेर्नेई शेजारी येऊन बसला. "सासरेबुवा, मोंतेरियात नोकरी मिळालीय. मोठा गोठा आहे. परवा निघतोय. तुम्ही मोडता घालाल म्हणून बोललो नव्हतो. पण काल फुलं पाहिली आणि नीदिया म्हणाली, पपांना सांगायला आता हरकत नाही."
मोंतेरिया. बसने दिवस जातो. उकाडा असा की ओर्तेन्सिया दुपारपर्यंत मान टाकते.
अभिनंदन केलं. पाठीवर थापही मारली. लॅव्हेंडरचाच वास होता.
शेवटी माझा संशय खरा निघाला. याची नोंद असावी.

५ जून.
सकाळी जेवणाच्या टेबलावर फुलदाणी. त्यात ओर्तेन्सिया, चांगल्या दहा-बारा. रुबिएलाला विचारलं, हे काय?
"आता लग्नाची कोण राहिलीय घरात?" म्हणाली. "बसा, सूप निवतंय."
आल्बाकाचंच सूप. तीन वाट्या मांडलेल्या. एक तिने परत आत नेली.

७ जून.
परवाच ती फुलदाणी उचलून नीदियाच्या खोलीत ठेवली. केवळ प्रयोग म्हणून. असल्या गोष्टी मी मानत नाही. रोज पाणी बदलतो.
दोन दिवस झाले. अजून तरी कुणी परत आलेलं नाही.