ठमीची बंद बॅग

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा सांभाळ. जिने धावत चढायचं वय गेलं आता.

काल ठमीच्या आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षक बाई आल्या होत्या. नव्या गोलरक्षक मुलीला ठमीचं सामान बसेल, पंधरा तारखेला नेऊ का, असं त्यांनी चाचरत विचारलं. मी हो म्हणालो. पण ठमी गेल्यापासून, म्हणजे अकरा आठवडे, मी बॅग उघडलेली नाही. शेवटच्या सामन्यानंतर ती ओलीच बंद झाली. अशाने पॅडना बुरशी धरते, स्केट्सची पाती गंजतात. मागच्या खोलीच्या दाराबाहेर रोज वास येतो. उघडावी, की तशीच फेकून द्यावी, ते कळव.

लोभ आहेच.
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस, तेव्हाच ओळखलं की पत्र दुसऱ्या कशासाठी तरी आहे.

मागे ठमीच्या दिवसांना आले तेव्हा चार दिवस मी त्या खोलीला लागूनच झोपत होते. मला कसलाही वास आला नाही. आणि माझं नाक आईवर गेलंय, शेजारचं दूध उतू गेलेलं मला आधी कळतं.

बॅग ओली राहिलीच कशी पण? ठमी आली की हातातला चहा टाकून तू तिचं सामान वाळवायच्या स्टँडवर चढवायचास, पंखा लावायचास. वहिनी होती तेव्हा हसायची, लेक दारात आणि हातमोजे घरात! त्या दिवशी काय झालं ते सांगवत नसेल तर राहू दे. पण न बघता फेकू नकोस.

जेवत जा वेळेवर. माझ्यावर रागावू नकोस.
धाकटी

ता. १४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

सांगतो. त्या संध्याकाळी माझी पाठ दुखत होती. ठमीने बॅग दारात टेकवली आणि नेहमीसारखी थांबून राहिली. मी म्हणालो, सव्वीस वर्षांची घोडी झालीस, आपलं आपण वाळव. मी जाऊन पडलो. सकाळी मी उठायच्या आत ती कामावर निघाली, आणि रस्त्यातच अपघातात गेली. बॅग मागच्या खोलीत बंद दिसली. रागाने ओलीच लोटली असेल, असं मी धरून चाललो.

आज उघडली. सगळं कोरडं होतं. पाती पुसून त्यांना कापडी खोळी घातलेल्या. प्लास्टिकच्या खोळींत ओल राहते, हे मीच शिकवलं होतं. बुटांत कागदाचे बोळे. पॅडचे पट्टे सैल केलेले. हे वाळायला अख्खी रात्र जाते. पहाटे उठून तिने भरलं असणार.

एकेक वस्तू नाकाला लावून पाहिली. कागदाचा वास आला. तिचा कुठेच नाही. बुरशी असती तर बरं झालं असतं, असं मनात आलं.

बाई उद्या दहाला येतील. सामान देणार आहे. दुपारी ते सगळं, कोरडंच, स्टँडवर चढवलं. खाली स्केट्स, मग पॅड, छातीचं कवच, हातमोजे, वर हेल्मेट. पंखा लावला. समोर खुर्ची घेऊन बसलो आहे, तिथूनच लिहितो आहे. वाऱ्याने डावा हातमोजा हलतो. दहापर्यंत वेळ आहे. पूर्ण वाळल्याशिवाय मी काही काढणार नाही.

तुझी माया आहे, ती असू दे.
दादा