शनिवारच्या आल्याच्या वड्या

प्रिय ओस्ताप,

अक्षर नीलिमाचं आहे, तोंड माझं. मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहेच. तू एकदा माझ्या नातीच्या, अन्वीच्या वहीत तुझं नाव लिहून माझ्यापुढे धरलं होतंस आणि मी वही उलटी पकडून छान छान म्हणाले होते. आता नीलिमा आधी मी बोलते तसं मराठीत उतरवणार आणि मग त्याच्याखाली जर्मनमध्ये करणार. माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाही, असं मी सुनेला बजावलं आहे. ती म्हणते, अहो आई, इथली माणसं इतकं फिरून फिरून बोलत नाहीत. मी म्हटलं, ओस्ताप कुठे इथला आहे? लिही तू.

वरच्या मजल्यावर, तुझ्या घरात, आता एक नवरा-बायको राहायला आलेत. त्यांचा एक जाडा कुत्रा आहे. तू सकाळी सहाला दोरीवरच्या उड्या मारायचास तेव्हा माझ्या डोक्यावरचा दिवा हलायचा, मी झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे आणि तू वरून दोनदा पाय आपटून जबाब द्यायचास. आपली पहिली बोलणी झाली ती अशी. परवा मी उगीच एकदा ठोकून पाहिलं. कुत्रा भुंकला. मालकीणबाई खाली येऊन नीलिमाला काहीतरी नियम वाचून दाखवून गेल्या.

तुझ्या बातम्या अन्वीकडून कळायच्या. बर्लिनला मावसभावाकडे राहतोस, दिवसा पार्सलच्या गोदामात खोकी उचलतोस आणि संध्याकाळी बागेत एकटाच दोन झाडांच्या मधून बॉल मारतोस म्हणे. अडवायला समोर कुणी नाही तर तो गोल कसला रे, अशी तुझी थट्टा करणार होते. मग आठवलं की तुला संघाबरोबर सरावालाही मज्जाव आहे, आणि जीभ चावली. पुढच्या गुरुवारी फ्रँकफर्टला तुझी सुनावणी आहे हेही कळलं. शिरीष म्हणाला, दोन वर्षांची बंदी आली तर ओस्ताप तिशीला पोचेल आणि त्या गुडघ्याच्या स्ट्रायकरला तिशीत कुणी दारात उभं करत नाही. माझा मुलगा बोलतो थोडं, पण बोलतो ते कॉम्प्युटरसारखं.

तुझा खेळ मला पहिल्यांदा कळलाच नव्हता. बाकीचे दहा जण जीव तोडून पळतायत आणि तू आपला गोलाजवळ कमरेवर हात ठेवून उभा. मी नीलिमाला म्हटलं, याला कामावरून काढत कसे नाहीत? मग बॉल आला, तू एक पाऊल टाकलंस आणि संपलं. तेव्हा मला आमच्या संगमनेरच्या खानावळीतली पोरं आठवली. तीस वर्षं मी कॉलेजच्या पोरांना जेवू घातलं. त्यांतली दोन-चार अशी असायची की पाणी भरायला नाहीत, ताटं मांडायला नाहीत, पण पहिली गरम भाकरी तव्यावरून उतरली की नेमकी दारात. तू त्या जातीचा. अंगात कळ असावी लागते त्याला. ऑफसाइड म्हणजे काय तेही तू मला टेबलावर वाट्या-पेले मांडून शिकवलंस, आणि मी म्हटलं, म्हणजे पान वाढायच्या आधीच पंगतीत जाऊन बसलेला, एवढंच ना! नीलिमाने ते जर्मनमध्ये सांगितलं तेव्हा तू इतका हसलास की पेला फुटला.

तुझ्या आईशीही तूच फोनवर गाठ घालून दिलीस. ती तिकडे युक्रेनात पोल्ताव्याच्या स्वयंपाकघरात, मी इथल्या. ती तिच्या भाषेत, मी माझ्या, आणि तू मध्ये दुभाषा म्हणून उभा राहून नुसता खातोयस. तिने बीट वर करून दाखवलं, मी भोपळा. फोन ठेवताना तिने तुझ्याकडे बोट केलं, मग घास भरवल्यासारखा हात तोंडाशी नेला आणि मग माझ्याकडे बोट केलं. मी छातीवर हात ठेवून मान हलवली. ते भाषांतर करायची कुणाला गरज पडली नाही.

आता नोव्हेंबरचं बोलते. नीलिमा, पाणी पिऊन घे, आता मध्ये थांबायचं नाही.

त्या आठवड्यात तुला खोकला झाला होता. वरून तुझं खोकणं ऐकू यायचं. आणि शनिवारी तुला बघायला मोठ्या क्लबाची माणसं येणार होती. स्लोव्हाकिया झालं, पोलंड झालं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आता कुठे हा दिवस आला, असं तू सांगितलं होतंस. बुधवारी जेवायला आलास तेव्हा मी माझी बरणी काढली. आमच्या वैद्यांचं चूर्ण, मी गावाहून येताना आणते ते. तू बरणी फिरवून फिरवून पाहिलीस आणि नीलिमाला म्हणालास की डोकेदुखीची गोळीसुद्धा क्लबच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेता येत नाही, आणि यावर तर लेबलच नाही. मग हात जोडून मला म्हणालास, आजी, नाइन, म्हणजे नको, आणि वर हसलास. मला राग आला रे. तीस वर्षं पोरांचे खोकले काढले मी. मी म्हटलं, लेबल तर माझ्यावरही नाही, तरी माझ्या हातचं चार वाट्या वरण गिळतोस तो! तू पुन्हा हात जोडलेस. मी बरणी आत ठेवली. तुला वाटलं, म्हातारीने ऐकलं.

औषध नको म्हणणाऱ्या पोराला औषध कसं द्यायचं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. शिरीषला मी केळ्यात घालून दिलंय. खानावळीतल्या पोरांना आमटीत दिलंय. ती बरी होऊन परीक्षेला जायची आणि त्यांना कधी कळायचंही नाही. शुक्रवारी मी आल्याच्या वड्या केल्या. तुला आवडतात म्हणून आलं जास्त घातलं, आणि आल्याआड लपेल तेवढं चूर्ण. तेवढं म्हणजे किती, ते मी मोजलं नाही. शुक्रवारी तू चार खाल्ल्यास. शनिवारी सामन्याला निघताना दार वाजवून आणखी मागितल्यास आणि मी सहा दिल्या. तू माझ्या गालाचा मुका घेतलास. मी म्हटलं, चल चल, मेल्या, उशीर होईल.

तू दोन गोल केलेस. एकदाही खोकला नाहीस. मी इथे नीलिमापुढे मिशीला पीळ दिल्यासारखी बसले होते. म्हटलं, सांग त्या लेबलवाल्यांना, दुसरा गोल माझ्या वडीने केलाय. नीलिमाचा चेहरा उतरला. अहो आई, त्यात काय घातलंत, असं ती दोनदा विचारत राहिली आणि मी तिला घाबरट म्हटलं. त्या संध्याकाळी तू जेवायला उशिरा आलास. सामन्यानंतर चिठ्ठी टाकून उत्तेजकांच्या तपासणीसाठी दोघांची नावं काढली, त्यात तुझं आलं, आणि तीन बाटल्या पाणी पिऊनही तुला लघवी होईना, आणि एक गंभीर गृहस्थ समोर उभाच. तू त्याची नक्कल करून दाखवलीस. मी पदर तोंडात कोंबून हसले.

नाताळाच्या आधी तुला त्या तपासणीवाल्यांचं पत्र आलं. बंदी असलेलं कुठलं औषध सापडलं ते नाव नीलिमाने वाचलं आणि वैद्यांना विचारा म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी गावी वैद्यांना विचारलं, चूर्णात काय काय घालता? त्यांनी सांगितलं, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, अडुळसा, आणि दम लागू नये म्हणून सोमलता. आई, सोमलता, म्हणाली नीलिमा, पत्रातलं औषध त्यातच असतं. 

तेव्हाच वर जायला हवं होतं. सोळा पायऱ्या आहेत. माझे गुडघे दुखतात, पण तुझ्यासाठी गाजरहलवा घेऊन मी त्या चढलेले आहे.

शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, हे बघ आई, न सांगता कुणाला औषध देणं इथे गुन्हा आहे. तुझ्या आउफएंटहाल्टची, इथे राहायच्या परवानगीची कागदं नव्याने करायची आहेत, एक चूक झाली तर तुला परत पाठवतील. बरणी टाकून दे आणि गप्प राहा. मी त्याच्यावर ढकलत नाही. तो आईसाठी घाबरला. पण मी कागदांना घाबरले नव्हते. परत पाठवलं असतं तर संगमनेरला माझं घर आहे, शेजारीण आहे. मला भीती ही होती की तू मला आजी म्हणायचं बंद करशील. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तुझे तीन महिने खाल्ले.

आणि तू तिकडे खरं बोलत बसला होतास. काही घेतलं का, नाही. चुकून, नाही. तुझा वकील म्हणाला म्हणे, सर्दीची गोळी चुकून घेतली असं सांग, शिक्षा कमी होईल. तू म्हणालास, घेतली नाही तर कशी सांगू? औषधाला नाही म्हणालेला माणूस तू. तुझ्या खरेपणाला मी खोटं पाडलं आणि इथे खाली बसून तुझ्या पावलांचा आवाज ऐकत राहिले. तू तेव्हा उड्या मारायचं थांबवलं होतंस. नुसता चालायचास, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

क्लबने घर रिकामं करायला सांगितलं त्या दिवशी तू माझा डबा परत द्यायला आलास. घासून, पुसून, आणि रिकामा देऊ नये असं अन्वीने शिकवलेलं म्हणून आत चार सफरचंदं घालून. वाकून पाया पडलास. मग नीलिमाला जर्मनमध्ये काहीतरी बोललास आणि तिला रडू फुटलं. मी विचारलं, काय म्हणाला? ती सांगेना. तू गेल्यावर सांगितलं. तू म्हणाला होतास, सगळ्या गावात हे एकच घर आहे जिथे मला कुणी विचारलं नाही की तू खरंच घेतलंस का.

विचारलं नाही, बाळा, कारण माहीत होतं.

ती सफरचंदं मी कापली नाहीत. सुकली शेवटी.

आणि आता मागच्या रविवारचं. अन्वी तुझ्या नावाचा तो निळा शर्ट घालून झोपायचीसुद्धा, तुला माहीत आहे. शाळेत पोरं तिला चिडवत होती, तुझा ओस्ताप लबाड आहे म्हणून. एकाला तिने चावलं, तिच्या बापाला शाळेत बोलावणं आलं. मग एक दिवस जेवताना तिने मला विचारलं, तिच्या जर्मनमध्येच, पण मला समजलं. आजी, त्याने घेतलं होतं का? मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, गुपचूप जेव. रविवारी जुने कपडे द्यायच्या पिशवीत तो शर्ट घडी करून ठेवलेला मला दिसला. तुझ्याशी ती फोनवर बोलत नाही ना हल्ली? तुला वाटत असेल, अभ्यास असेल. दहा वर्षांच्या पोरीने तुला लबाड ठरवलं, आणि तिला ते ठरवू दिलं तिच्या आजीने. त्याच संध्याकाळी मी तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. शर्ट मात्र तिने पिशवीतून परत काढून नेला.

तू म्हणशील, म्हातारीने एवढं लांबण लावून माफी मागितली. माफी मागत नाहीये मी. ती मागायची तर सोळा पायऱ्या चढून मागायची होती, ती वेळ गेली. हे पत्र तुझ्यासाठी अर्धंच आहे. याची जर्मन प्रत तुझ्या वकिलाला दे, त्याने ती गुरुवारी पंचांपुढे ठेवायची आहे. खाली सही नाही, माझा अंगठा आहे, आणि सोबत शिरीष टाकून दे म्हणत असताना मी ठेवून दिलेली बरणी आहे, अजून निम्मी भरलेली. त्यांनी तपासावी. मी स्वतः येणार आहे. शिरीषने गुरुवारची रजा टाकलीय. बोलत नाही माझ्याशी, पण रजा टाकलीय आणि सरकारमान्य दुभाषाही त्यानेच शोधला. आता शेवटचं ऐक, हे तुझ्या कामाचं आहे. मी आत येईन तेव्हा उठू नकोस, पाया पडू नकोस, हसू तर अजिबात नको. पंचांना वाटेल की आजी-नातवाने घरी बसून ठरवून आणलंय. माझ्याकडे रागाने बघ. जेवढा आहे तेवढा सगळा राग काढ, मी खाली मान घालणार नाही. त्यांना तो खरा वाटला पाहिजे, ओस्ताप. आणि मला वाटतं, त्यासाठी तुला नाटक करावं लागणार नाही.

तुझीच,
अजून म्हणू देशील तर, आजी
अनसूया गुंजाळ
(डाव्या हाताचा अंगठा)