वरच्या बाणाची कळ

सोम. २२ नोव्हें. २००४
ह्यांच्या तेराव्यानंतर आज पहिल्यांदा कामावर. शहापूरहून सकाळच्या एसटीने मुरबाडला, संस्थेत. ह्यांच्या टेबलावरचं कॉम्प्युटरचं मशीन चालू केलं. एकच उत्तर: डेटाबेस सर्व्हरशी जोडता येत नाही. डोळखांब, सापगावच्या पाड्यांवरच्या सिकलसेलच्या सगळ्या रक्ततपासण्या त्यात. दुसरीकडे कुठेच नाहीत.
काशिनाथ शिपाई म्हणाला, "वैनी, दादा गेले कळलं नि मी मेनचा खटका पाडला. मयताला आपण चूल पेटवत नाय, मग ह्याला काय पेटता ठेवाचा?"
चालू मशीन खटकन बंद झालेलं. आतल्या नोंदी बिघडल्या असतील तर?

मंगळ. २३
संस्थेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कल्याणचा कॉम्प्युटरवाला शुक्रवारी येतोय. फॉरमॅट मारून सगळं नवीन टाकेल."
आणि तपासण्या?
"परत रक्त घेऊ."
पण माणसं वीटभट्ट्यांवर निघालीत. ज्यांना गोळ्या चालू, ते कोण कोण, कसं कळणार?
काशिनाथ: "मागं सुई बघून पोरं रानात पळाली. आता वैनी, तुमी दिसलात तरी पळतील."
हसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. मग जास्तच भीती वाटली.

बुध. २४
मशीनला हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत वरच्या बाणाची कळ दाबली. ह्यांनी टाइप केलेल्या ओळी येऊ लागल्या, एकेक मागे. कुठे स्पेलिंग चुकलेलं, पुढच्या ओळीत सुधारलेलं. बघत बसले.
हे सांगायचे, मशीन ठराविक ओळीच लक्षात ठेवतं, नवी आली की सर्वांत जुनी जाते. म्हणजे मी काही लिहिलं की ह्यांची एक पुसली जाणार.
काही न लिहिता घरी आले.

गुरु. २५
उद्या फॉरमॅट. मग तपासण्याही नाहीत, ओळीही नाहीत.
परत बघताना लक्षात आलं, एकच ओळ सारखी येते: सर्व्हर सुरू करायची. तो आपोआप सुरू होतच नव्हता. हे रोज सकाळी आल्याआल्या हाताने करायचे. मी समोर बसून कधी बघितलं नाही.
बाणाने तीच ओळ आणली. एंटर.
ओके आलं. सापगावच्या नोंदी उघडल्या. डोळखांबच्या नाहीत, फाइल खराब म्हणतो. डॉक्टरबाईंना फोन केला. "बरं, सोमवारपर्यंत थांबवते त्याला."
ह्यांची एक ओळ गेली असेल. कोणती ते…

शुक्र. २६
काशिनाथच्या आधी पोचले. आपोआप सुरू व्हायची सोय करता येते. केली नाही. बाण, एंटर.
खराब फाइलसकट सगळ्याची नक्कल सीडीवर घेतेय. दुरुस्तीची ओळही ह्यांनी कधीतरी लिहिलेली सापडली. दुरुस्तीत कधी कधी नोंदी गळतात, असं म्हणायचे. ओळ आणून ठेवली आहे, एंटर दाबलेलं नाही.
सीडी भरतेय. तोवर ओलं फडकं घेऊन मॉनिटरची काच पुसली.