डुलणारा पाट

बाबा,

आज रविवार. सकाळी डिचोलीहून निघून हळर्णला आपल्या जुन्या घरी गेले. मागच्या अंगणातला फणस आज पाडला. तो एका बाजूने आतून पोकळ झाला होता आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरावर कलला होता. पाडायची परवानगी यायला पावसाळा गेला. अमावस्येच्या आधी पाडलं तर लाकडाला कीड लागत नाही, असं तुम्ही सांगायचात, म्हणून आजचा दिवस मीच धरला. दुपारपर्यंत फांद्या उतरवल्या, मग बुंधा आडवा झाला. मशीनची करवत चिकाने पुन्हा पुन्हा अडकत होती आणि माणसं पात्याला खोबरेल लावत होती, आई फणस कापताना विळीला लावायची तसं. अंगणभर पिवळा भुसा पडला होता. संध्याकाळी बुंध्याचा मधला चांगला तुकडा टेंपोत घालून घरी आणला. एवढंच झालं. तरी लिहायला बसले आहे, कारण तिथे तोही आला होता.

तो, म्हणजे तुमच्याकडे सुतारकाम शिकलेला. बेळगावकडून तुमच्याकडे आला तेव्हा मी शाळेत होते. आता त्याचे केस माझ्याहून पांढरे झाले आहेत आणि डिचोलीत त्याचं स्वतःचं दुकान आहे. आई म्हणायची, ‘दादा म्हण गो त्याका.’ मी कधी म्हटलं नाही. आजही त्याच्याशी बोलताना मी वाक्य असं जुळवते की हाक मारावी लागत नाही. तो मात्र मला पहिल्या दिवसापासून बाय म्हणतो, आणि तुम्हाला, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी, मेस्त. मेस्त म्हणताना आवाज खाली आणतो, तुम्ही आतल्या खोलीत झोपलेले असावेत तसा. मला ते आवडत नाही.

तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही दोघं पडवीत चहाला बसला आहात. उंडो, तो गोल पाव, मोडून पहिला अर्धा तुम्ही त्याच्या हातात देता. उरलेला अर्धा आई आतून मला देते. मी दारात वही मांडीवर घेऊन बसले आहे. तुम्ही त्याला सांगता आहात की फणसाचं लाकूड कोवळं असताना पिवळं असतं आणि घरात वापरून वापरून तांबूस होतं, घाई करून रंगवू नये. माझ्याशी तुम्ही इतकी वाक्यं एका बैठकीत कधी बोलला नाहीत. ‘अभ्यास झालो?’ एवढंच विचारायचात, आणि मी ‘झालो’ म्हणायचे.

एकदा तुम्ही बाहेर गेलेले पाहून मी रंधा हातात घेतला होता. फळीवर उलटा चालवला आणि तंतू उपटले. तुम्ही दारातून म्हणालात, ‘ठेव गो तां. तुजां काम पुस्तकात.’ आवाज चढला नव्हता. त्याच दिवशी त्याने तीच चूक केली, तेव्हा तुम्ही त्याच्या मनगटावर फटका मारलात, मग त्याच्या हातावर आपला हात ठेवून रंधा सरळ चालवून दाखवलात. तो फटका मला हवा होता, बाबा. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगून कळलंही नसतं. तुम्ही मला शिकवलंत, मला खाणीच्या ऑफिसात नोकरी लागली, लोक म्हणाले मेस्ताने एकुलत्या मुलीचं चांगलं केलं. केलंतच. पण तुमचा हात त्याच्या हातावर होता.

मग माझ्या लग्नातला पाट. त्याच फणसाची एक फांदी वादळात मोडली होती, तिचा. तुम्ही तो पेपरात गुंडाळून माझ्या ट्रंकेवर ठेवलात आणि काही न बोलता बाहेर गेलात. मी समजले की हे तुमचं बोलणं. सासरी पहिल्या दिवशी मांडला तर तो डुलला. सासूबाई म्हणाल्या, ‘मेस्ताच्या चेडवाचो पाट डुलता गो!’ सुताराच्याच मुलीचा पाट, म्हणून सगळ्या हसल्या. मी म्हटलं, पाट बरोबर आहे, तुमची जमीन वाकडी आहे. पुढे आम्ही दोनदा घर बदललं. दोन्ही घरांत मी तेच म्हणत राहिले. एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राची घडी घालायची आणि बसायचं. मुलगा वास्कोला बंदरात नोकरीला लागला, हे गेले, तरी मी जेवते ती त्या पाटावरच.

मागच्या आठवड्यात तो घरी आला. फणस पाडणार असं ऐकलं होतं. बुंधा मिळाला तर नातवाच्या मुंजीसाठी चौरंग करीन म्हणाला. ‘विकत नको, बाय. मेस्ताच्या झाडाचो, म्हणून.’ मी ‘बघू’ म्हटलं. तेवढ्यात त्याला आतला पाट दिसला. न विचारता आत जाऊन त्याने तो उलटा केला आणि लहान पोरासारखा हसला.

‘हो अजून आसा? माजो पयलो पाट हो! ही खालची पट्टी बघ, उतरती गेली. मेस्त म्हणाले, राहू दे तशीच.’

मी पाट परत घ्यायला हात पुढे केला. तो सांगतच राहिला.

‘पयलां काम विकूचां नाय, घरच्या माणसाक दिवचां. मेस्तांचो नेम होतो. मी म्हटलं, माझं घर तिकडे लांब. तर म्हणाले, ही बाय घरची न्हय काय तुझी?’

हा नेम मलाही माहीत होता. पडवीतून ऐकलेला. तो माझ्यापर्यंत येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्याने आनंदाने सांगितलं, आणि मी चहा करायला आत गेले. लग्न माझं होतं, बाबा, आणि देण्याचा मान तुम्ही त्याला दिलात. तुम्ही स्वतः माझ्यासाठी काय केलं होतंत, हे मी घरभर आठवून पाहिलं. दारं, खिडक्या, आईचं कपाट. माझं म्हणून काही सापडलं नाही.

म्हणून आज अंगणात, माणसं विचारायला लागली तेव्हा, त्याच्यासमोरच मी म्हटलं, ‘बुंधा माझ्या घरी जाणार.’ त्याने बाह्या वर सारल्या. शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं आणि तुकड्याच्या दोन्ही तोंडांना हाताने लिंपत बसला, म्हणजे वाळताना चिरा पडणार नाहीत. माझ्या लाकडाला. ‘भुंयेर ठेवू नको हां, बाय. विटांवर ठेव, सावलीत. शेण सुकून पडलं तर परत लाव.’ बोटं अगदी तुमच्यासारखी फिरवत होता, करंगळी वर धरून. मला तिथे उभं राहवेना. निघताना त्याने फांदीचा एक टाकाऊ वाकडा तुकडा उचलला. ‘ह्याची पट्टी करून दितां. मग तुझो पाट डुलचो नाय.’

मी म्हटलं, ‘नको.’ त्याने तो तुकडा परत भुशात ठेवला.

आता बुंधा पडवीत विटांवर आहे. घरभर फणसाचा आणि शेणाचा वास भरला आहे. मला त्याचं काहीही करता येत नाही. रंधा कसा धरतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. लाकूड मला नको होतं, त्याला मिळू नये एवढंच होतं. दोन पावसाळ्यांनी ते वाळेल, तेव्हा त्यालाच बोलवावं लागेल. तेव्हा हाक काय मारायची, ते अजून ठरलेलं नाही.

आणि एक. आमची जमीन सपाट आहे, बाबा. पहिल्या घरापासून सपाटच होती. पाण्याची वाटी ठेवून मी लग्नाच्या वर्षीच बघितलं होतं.

पाटाखालची घडी पातळ झाली आहे. हा कागद चार पदरी करून तिथे घालते. भात निवतो आहे. बसते जेवायला.